चेंबर आणि काडतूस : रॉस रायफलच्या अपयशाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युद्धाच्या इतिहासात सेनापती, डावपेच व तह यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या तुलनेत सैनिकाच्या हातातील शस्त्र आणि त्या शस्त्रात भरले जाणारे काडतूस यांच्या परस्परसंबंधाकडे कमी लक्ष दिले गेले. वस्तुतः काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसते की सैल, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाने पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांचे प्राण धोक्यात आणले. कॅनडाची रॉस रायफल हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या रायफलच्या अपयशाची तांत्रिक कारणे आणि ती ओळखण्यास झालेल्या विलंबाची राजकीय कारणे यांची मांडणी केली आहे.

रॉस रायफलचा उदय

बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) काळात कॅनडाला ब्रिटनकडून ली-एनफिल्ड रायफली हव्या होत्या; परंतु ब्रिटनची स्वतःचीच गरज मोठी असल्याने ती मागणी पूर्ण होऊ शकली नाही. परिणामी स्वदेशी रायफल निर्माण करण्याचा विचार कॅनडात बळावला. स्कॉटलंडमधील सरदार घराण्यातील सर चार्ल्स रॉस यांनी स्वतः तयार केलेल्या आराखड्यावर आधारित कारखाना क्वेबेक येथे उभारला. वसाहतीने शस्त्राच्या बाबतीत स्वावलंबी व्हावे, ही या उपक्रमामागील भावना होती आणि ती गैर म्हणता येणार नाही.

ही रायफल ब्रिटिश सैन्याच्याच ३०३ बोअरच्या काडतुसासाठी बनविली होती. तिचा बोल्ट न फिरविता सरळ मागे ओढावयाचा असल्याने ती वेगाने चालविता येई. तिची नळी लांब आणि नेम अचूक होता. इंग्लंडमधील बिस्ली येथील मानाचे ‘किंग्ज प्राइझ’ १९११ व १९१३ मध्ये कॅनेडियन नेमबाजांनी जिंकले. त्यामुळे या रायफलची कीर्ती वाढली. मात्र नेमबाजीचे मैदान आणि खंदक यांतील फरक या यशामुळे झाकला गेला.

घट्टपणाचे तांत्रिक स्वरूप

काडतुसाची पितळी पुंगळी गोळी झाडताना आतील वायूच्या दाबाने फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते व म्हणूनच बाहेर काढता येते. चेंबर फार सैल असेल तर पुंगळी अधिक ताणली जाते. ते फार अरुंद असेल तर मुळात काडतूस आत जाण्यास अडते आणि झाडल्यानंतर रिकामी पुंगळी बाहेर येण्यास अडते. झाडलेली पुंगळी ज्या चेंबरमध्ये फुगली त्याचा आकार धारण करते. म्हणूनच वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणारे कारागीर त्या साच्यातून दाबून मूळ मापावर आणतात. हे नीट झाले नाही तर मोठ्या चेंबरमधून निघालेली पुंगळी लहान चेंबरमध्ये अडकते.

रॉस रायफलच्या बाबतीत काडतूस नवेच असले तरी अडचण याच जातीची होती. अचूकतेसाठी तिचे चेंबर ली-एनफिल्डच्या चेंबरपेक्षा अरुंद ठेवले होते. क्वेबेकच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातील काडतुसे त्यात व्यवस्थित बसत. युद्धकाळात ब्रिटनमध्ये घाईने व प्रचंड प्रमाणात तयार झालेल्या काडतुसांच्या मापात मात्र अधिक तफावत असे. ली-एनफिल्डचे प्रशस्त चेंबर ही तफावत सामावून घेई. रॉसचे चेंबर ती सामावून घेत नसे. फरक इंचाच्या काही सहस्रांश भागांचा होता. जलद गोळीबाराने तापलेल्या, चिखलाने माखलेल्या रायफलमध्ये तेवढा फरक पुरेसा ठरला.

त्यात आणखी दोन दोषांची भर पडली. ली-एनफिल्डचा दांडा वर फिरविताना उतरत्या पृष्ठभागामुळे अडकलेली पुंगळी जोराने सुटते. सरळ ओढण्याच्या बोल्टमध्ये हा आरंभीचा जोर कमी मिळे. तसेच बोल्ट मागे ओढताना त्याचा एक कंगोरा लहानशा अडणीवर आदळे. पुंगळी अडकली की सैनिक बोल्टला बुटाची लाथ किंवा खणण्याच्या हत्याराचा दांडा मारी. त्यामुळे कंगोऱ्याची कड दबून वाकडी होई आणि पुढचे काडतूस योग्य मापाचे असले तरी बोल्ट बंद होत नसे. अशा रीतीने एका दोषातून दुसरा दोष निर्माण झाला आणि मूळ कारण कोणते, हे ठरविणे कठीण झाले.

ईप्रचे रणांगण

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. शेजारील फ्रेंच फळी कोसळली आणि पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनवर मोकळी बाजू सावरण्याची वेळ आली. २४ एप्रिल रोजी वायूचा हल्ला प्रत्यक्ष कॅनेडियनांवर झाला. जलद गोळीबाराची नितांत आवश्यकता असताना अनेकांच्या रायफली अडकल्या. या लढाईत डिव्हिजनची ६००० हून अधिक हानी झाली. नंतरच्या पाहणीत वाचलेल्या सुमारे ५००० पायदळ सैनिकांपैकी १४५२ जणांनी रॉस टाकून देऊन रणांगणावर पडलेल्या ली-एनफिल्ड उचलल्याचे आढळले. सैनिकांनी कृतीतून दिलेला हा निर्णय कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा स्पष्ट होता.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. २६ एप्रिल रोजी याच रणक्षेत्रात हल्ल्यासाठी उतरलेल्या भारतीय लाहोर डिव्हिजनच्या जुन्या रायफली १९१४ मध्ये मार्सेय बंदरावरच बदलून घेण्यात आल्या होत्या, कारण आघाडीवर पुरविले जाणारे काडतूस नव्या प्रकारचे होते. रायफल आणि काडतूस यांचा मेळ साधण्याची गरज लष्करी प्रशासनास ठाऊक होती, हे यावरून दिसते.

राजकीय आग्रह आणि विलंब

जून १९१५ मध्ये पहिल्या डिव्हिजनला ली-एनफिल्ड देण्यात आल्या. तथापि कॅनडाचे संरक्षणविषयक मंत्री सॅम ह्यूझ यांनी रॉसचा पक्ष सोडला नाही. त्यांच्या मते दोष ब्रिटिश काडतुसांचा होता. चेंबर रुंद करून रायफली दुरुस्त करण्यात आल्या आणि पुढील तुकड्या त्याच घेऊन फ्रान्समध्ये उतरल्या; परंतु सैनिकांचा गमावलेला विश्वास परत आला नाही. कॅनेडियन कोअरचे सेनापती एडविन ऑल्डरसन यांनी रायफलविरुद्ध मत मांडल्याने ह्यूझ यांचा रोष ओढवून घेतला. मे १९१६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, त्यामागील कारणांत हा वादही होता. अखेर १९१६ च्या उन्हाळ्यात सरसेनापती डग्लस हेग यांच्या आग्रहाने उर्वरित डिव्हिजनांच्या रायफली बदलण्यात आल्या. नोव्हेंबरमध्ये ह्यूझ यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि १९१७ मध्ये सरकारने रॉसचा कारखाना ताब्यात घेतला.

निष्कर्ष

ह्यूझ यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. ब्रिटिश काडतुसांच्या मापात तफावत होतीच. शिवाय रॉस सर्वथा टाकाऊ नव्हती. निवडक काडतुसे वापरणाऱ्या व शस्त्राची निगा राखणाऱ्या नेमबाजांनी ती आवडीने वापरली. ओजिब्वे समाजातील प्रसिद्ध नेमबाज फ्रान्सिस पेगामागाबो हे त्यांपैकी एक होत. परंतु सामान्य सैनिकाला काडतुसे निवडण्याची मुभा नसते. पुरवठ्यात येईल ते काडतूस त्याच्या रायफलने स्वीकारले पाहिजे. म्हणून दोष केवळ काडतुसाचा किंवा केवळ चेंबरचा नव्हता. दोहोंची मापे दोन वेगळ्या परिस्थिती गृहीत धरून ठरविली गेली होती, हा खरा दोष होय. तो तांत्रिक असल्याने सुधारता येण्याजोगा होता. राष्ट्राभिमान व वैयक्तिक प्रतिष्ठा यांच्याशी त्याची सांगड घातली गेल्यामुळे सुधारणेस वर्षाहून अधिक काळ लागला आणि त्याची किंमत आघाडीवरील सैनिकांना मोजावी लागली.