इथिओपिया : निसर्गस्थळे व सांस्कृतिक स्थळे

पूर्व आफ्रिकेतील एक भूवेष्टित देश. राजधानी आदिस अबाबा. देशाचा मोठा भाग उंच पठाराने व्यापलेला असून खचदरीमुळे त्याचे दोन भाग पडले आहेत. उभ्या कड्यांच्या या पठारावर परकी सत्तांना पाय रोवणे अवघड गेले. १ मार्च १८९६ रोजी आडुवाच्या लढाईत सम्राट दुसरा मेनेलिक याच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. १९३६–४१ या काळातील इटलीचा अंमल सोडल्यास देश स्वतंत्र राहिला. त्यामुळे येथील लिपी, कालगणना व धर्माचार टिकून राहिले. शेकडो वर्षांपूर्वीच्या देवळांत आजही नित्य उपासना चालते, हे येथील स्थळांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय.

पर्वत व वन्यजीव : उत्तरेकडील सिमियन पर्वत बेसाल्टच्या थरांनी बनलेला आहे. देशातील सर्वोच्च शिखर रास दाशेन (सु. ४,५५० मी.) याच पर्वतात आहे. सिमियन राष्ट्रीय उद्यानाचा १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वाढती वस्ती, गुरेचराई व घटलेले वन्यजीव यांमुळे १९९६ मध्ये ते संकटग्रस्त स्थळांत गेले. संवर्धनाच्या प्रयत्नांनंतर २०१७ मध्ये त्यातून बाहेर आले. गवतावर जगणारी गेलाडा माकडे येथे मोठ्या कळपांनी दिसतात. वालिया हा रानबकरा जगात फक्त इथिओपियात आढळतो. दक्षिणेकडील बाले पर्वतात सनेती हे ४,००० मी. उंचीचे पठार असून दुर्मिळ इथिओपियन लांडगा पाहण्यासाठी ते उत्तम ठिकाण आहे. बाले राष्ट्रीय उद्यान २०२३ मध्ये वारसा यादीत आले.

ताना सरोवर : हे देशातील सर्वांत मोठे सरोवर. नील नदीचा महत्त्वाचा फाटा असलेली निळी नील येथून निघते. सरोवरातील बेटांवर व काठांवर जुने मठ असून त्यांत रंगीत भित्तिचित्रे व चर्मपत्रावरील हस्तलिखिते जपलेली आहेत. काठावरील बहिर दार शहरापासून सु. ३० किमी. वर तिस इसात हा धबधबा आहे. पाणी वीजनिर्मितीकडे वळवल्याने त्याचा प्रवाह घटला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तो भरून वाहतो.

दानाकिल : ईशान्येकडील अफार प्रदेशातील हा सखल भाग समुद्रसपाटीपासून १०० मी. हूनही खाली जातो. जगातील अतिउष्ण वस्तीच्या ठिकाणांत त्याची गणना होते. दालोल येथील उष्ण झऱ्यांभोवती मीठ व गंधकाचे पिवळे-हिरवे थर साचतात. अर्ता आले हा जागृत ज्वालामुखी लाव्हाच्या तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. अफार लोक येथे मिठाच्या लाद्या कापतात व उंटांवर लादून नेतात.

आक्सुम, लालिबेला व गोंदर : आक्सुम ही तांबड्या समुद्रावरील व्यापारावर संपन्न झालेल्या राज्याची राजधानी. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथील एकाश्म स्तंभांपैकी सर्वांत मोठा, सु. ३३ मी. लांबीचा, कोसळलेल्या अवस्थेत आहे. १९३७ मध्ये इटलीने रोमला नेलेला सु. २४ मी. उंचीचा स्तंभ २००५ मध्ये परत आला व २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

लालिबेला येथे खडकात कोरलेली अकरा चर्चे आहेत. परंपरेनुसार लालिबेला राजाने (बारावे–तेरावे शतक) यात्रेकरूंसाठी हे दुसरे जेरुसलेम वसवले; येथील ओढ्यालाही जॉर्डन नदीचे नाव आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथील कोरण्याची रीत लगेच उमजेल : आधी भोवती खोल चर खणून मधला खडक सुटा करायचा, मग वरून खाली कोरत यायचे. दोन्हीकडचा खडक ज्वालामुखीजन्य आहे. क्रूसाच्या आकाराचे बेते गियोर्गिस हे चर्च सर्वांत रेखीव आहे. नाताळला (७ जानेवारी) पांढरी वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू येथे जमतात.

गोंदर हे शहर फासिलिदेस राजाने १६३६ मध्ये राजधानी म्हणून वसवले. तटबंदीच्या आत वेगवेगळ्या राजांचे वाडे आहेत. देब्रे बेर्हान सेलासी चर्चचे छत देवदूतांच्या चेहऱ्यांनी रंगवलेले आहे. तिमकत या सणाला (१९ जानेवारी) फासिलिदेसच्या स्नानकुंडात सामुदायिक स्नान होते.

हरार : पूर्वेकडील तटबंद मुस्लिम नगर. अरुंद बोळ, ८२ मशिदी व भिंतींवर रंगीत टोपल्या मांडलेली घरे ही त्याची ओळख. रात्री वेशीबाहेर तरसांना मांस भरवण्याची प्रथा आहे. इथिओपियाचे दख्खनशी जुने नाते आहे : गुलाम म्हणून विकला गेलेला व पुढे निजामशाहीचा कर्तबगार वजीर झालेला मलिक अंबर मूळचा याच देशातला. त्याने वसवलेले खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची कबर खुलताबादला आहे.

दक्षिण व राजधानी : कोन्सो लोकांनी डोंगरउतारांवर रचलेल्या दगडी पायऱ्यांच्या शेतीला २०११ मध्ये वारसा दर्जा मिळाला. ओमो नदीच्या खालच्या खोऱ्यात हामर, मुर्सी इ. पशुपालक समाज राहतात. आदिस अबाबाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘लूसी’ या सु. ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाचे जीवाश्म आहेत. ते १९७४ मध्ये हदार येथे सापडले.

लोकजीवन व प्रवास : तेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली, आंबोळीसारखी जाळीदार इंजेरा हे मुख्य अन्न. एकाच ताटात सारे मिळून जेवतात. कॉफी पाहुण्यासमोर भाजून, कुटून, तीन वेळा दिली जाते. येथील वर्षाचे तेरा महिने असतात व दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. त्यामुळे वेळ ठरवताना खात्री करून घ्यावी. जून ते सप्टेंबर हा पावसाळा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ प्रवासाला सोयीचा. टिग्राय प्रांतातील युद्ध नोव्हेंबर २०२२ मधील कराराने थांबले, तर अमहारा प्रांतात २०२३ पासून संघर्ष उसळला. आक्सुम टिग्रायमध्ये, तर लालिबेला, गोंदर व ताना सरोवर अमहारामध्ये असल्याने निघण्यापूर्वी तेथील परिस्थिती तपासणे आवश्यक आहे. चर्चमध्ये पादत्राणे काढून जावे. कोणाचेही, विशेषतः ओमो खोऱ्यातील लोकांचे, छायाचित्र विचारूनच घ्यावे. स्थानिक वाटाड्या घेतल्यास प्रवास सुकर होतो आणि स्थळ जपणाऱ्या लोकांच्या पदरातही काही पडते.