डीएनए रिपोर्टमधलं ‘स्लो डिटॉक्स’ म्हणजे नेमकं काय?

डीएनए टेस्टचं किट मागवायचं, लाळेचा नमुना पाठवायचा आणि रिपोर्ट थेट मोबाईलवर! त्यात कधी लाल रंगात दिसतं, ‘इस्ट्रोजेन डिटॉक्स : स्लो’. खालीच सप्लिमेंट विकत घेण्याचं बटण. ते दाबण्याआधी शरीरात काय घडतं ते समजून घेऊया.

हॉर्मोन शरीराबाहेर कसं जातं?

काम झालेलं इस्ट्रोजेन मुख्यतः यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, दोन टप्प्यांत निकामी होतं. आधी सीवायपी गटातली एन्झाइम्स त्याच्या रेणूत बदल करतात. मग दुसरी एन्झाइम्स त्याला छोटे रासायनिक गट जोडतात. शेवटी ते लघवी आणि पित्तावाटे बाहेर पडतं. अनेक औषधांचा निचराही असाच होतो.

जीन्समुळे काय फरक पडतो?

प्रत्येक एन्झाइमची कृती जीनमध्ये लिहिलेली असते. सीओएमटी हे दुसऱ्या टप्प्यातलं एन्झाइम घ्या. त्याच्या साखळीत १५८व्या जागी काहींना व्हॅलिन असतं, तर काहींना मेथिओनिन. मेथिओनिनवालं रूप साधारण ३ ते ४ पट संथ असतं. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. त्यामुळे बऱ्याच जणांचा वेग मधलाच असतो.

मग ‘स्लो’ म्हणजे आजार का?

नाही. जीएसटीएम१ हा जीन तर अनेकांकडे मुळातच नसतो, तरी ते ठणठणीत असतात. त्याच कुटुंबातली इतर एन्झाइम्स बरंच काम सांभाळून घेतात. शिवाय वेग फक्त जीनवर ठरत नाही. कॅफीनचा निचरा करणारं सीवायपी१ए२ सिगारेटमुळे वेगवान होतं, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे मंदावतं. जीन मात्र तोच!

टेस्टचा खरा उपयोग कुठे?

काही औषधं ठरवताना. कोडीन या औषधाचं सीवायपी२डी६ मुळे मॉर्फिन बनतं. काहींमध्ये हे इतक्या झपाट्याने होतं की श्वास धोकादायक मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असं बजावलं, त्यामागे हे मोठं कारण होतं.

लक्षात ठेवा

जीन फक्त कल सांगतो. हॉर्मोनची आजची पातळी रक्ततपासणीत कळते. त्यामुळे पाळी अनियमित असेल किंवा दुसरा काही त्रास असेल तर डॉक्टरांना भेटा, रिपोर्टही दाखवा. पण अ‍ॅपवरचा लाल रंग पाहून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.