बालविकास मानसशास्त्र : संशोधनपद्धती आणि बदलते गाव

बालविकास मानसशास्त्र : जन्मापासून पौगंडावस्था सरेपर्यंत मुलाची हालचाल, भाषा, विचार, भावना आणि नाती यांत वयाबरोबर होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. या शाखेच्या बहुतेक सिद्धान्तांमागे एक गृहीतक असते आणि ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मूल बदलत जाते, पण ते ज्या जगात वाढते ते जग निदान एका बालपणापुरते तरी जागेवर असते, असे ते गृहीतक. जिनिव्हा किंवा बॉस्टनमध्ये ते बऱ्याच अंशी चालून गेले. रायगड जिल्ह्यातल्या पनवेल-उरण पट्ट्यातील जासईसारख्या गावी ते चालत नाही, आणि ते चालत नसेल तर वयोगटांची नुसती तुलना करून काढलेले निष्कर्षही तपासून घ्यावे लागतात.

जासई हे मूळचे भातशेती, खाजण आणि मिठागरे यांच्या पट्ट्यातले, मुख्यत्वे आगरी वस्तीचे गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. पाटील जासईचेच. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी या परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांना परत देण्याचे धोरण या लढ्यातूनच आले. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि शेतांच्या जागी कंटेनर यार्ड व ट्रेलरच्या रांगा आल्या. 12 जानेवारी 2024 रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूचे या बाजूचे टोक शेजारच्या चिर्ले गावाजवळ उतरते. एकाच घरातल्या आजीचे, आईचे आणि नातीचे बालपण तीन वेगळ्या अर्थव्यवस्थांत गेले असणे इथे नवलाचे नाही.

आता संशोधकाच्या नेहमीच्या पद्धतीकडे पाहू. सहा, दहा आणि सोळा वर्षांची मुले एकाच महिन्यात तपासायची आणि गटांतला फरक म्हणजे विकास असे म्हणायचे, ही छेदात्मक पद्धती स्वस्त आणि झटपट असल्यामुळे सर्वाधिक वापरली जाते. समजा, अशा पाहणीत सोळा वर्षांची मुले घरात आगरी बोली जास्त वापरतात आणि सहा वर्षांची मुले प्रमाण मराठी किंवा हिंदीकडे झुकतात असे आढळले. आकड्यांवर विसंबायचे तर वय वाढते तशी बोली वाढते असे म्हणावे लागेल. गावातला कुणीही हसेल. दोन्ही गटांच्या मधल्या दहा वर्षांत शाळा, शेजार आणि घरातला टीव्ही-मोबाइल बदलला, एवढाच त्याचा अर्थ. बोलीच्या बाबतीत चूक पटकन दिसते, कारण निष्कर्षच विचित्र आहे. स्मरणशक्ती, गणिती तर्क किंवा भावनांवरचा ताबा यांबाबत हीच चूक झाली तर निष्कर्ष अगदी समंजस वाटतो आणि पाठ्यपुस्तकात जाऊन बसतो. वॉर्नर शाय यांनी 1965 मध्ये वय, जन्माचा काळ आणि मोजणीचा काळ या तिन्हींचा गुंता मांडला, तो प्रामुख्याने प्रौढांच्या बुद्धिमापनासंदर्भात. बालविकासाच्या अभ्यासकांनी तो पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, असे म्हणायला जागा आहे.

सिद्धान्तांची ओळख इथे थोडक्यात पुरे. झाँ पियाजे यांच्या मते मूल वस्तू हाताळत, चुका करत, ठरावीक क्रमाच्या टप्प्यांतून स्वतःचे ज्ञान रचते. लेव्ह विगोत्स्की यांच्या मते विचार आधी माणसामाणसांत घडतो आणि मग मुलाच्या मनात उतरतो. जॉन बोल्बी यांनी जवळच्या व्यक्तीशी जुळणाऱ्या आसक्तीला पाया मानले. यूरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी 1979 च्या ग्रंथात घर, शाळा, आईवडिलांचे काम आणि सरकारी धोरण अशी एकात एक बसलेली वर्तुळे कल्पिली आणि पुढे त्यांत काळाचे परिमाण घातले. जासईतले भूसंपादन मुलाला थेट भेटत नाही. ते वडिलांच्या कामाच्या पाळीतून आणि विकलेल्या जमिनीच्या पैशातून भेटते.

पद्धती निष्कर्षाला कशी वळवते हे पियाजे यांच्या गाजलेल्या प्रयोगात जवळून दिसते. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी असते. त्यातल्या एका पेल्यातले पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओततात आणि विचारतात, ‘‘आता कशात जास्त आहे, का सारखंच आहे?’’ पाच-सहा वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवते. पण हाच प्रश्न ओतण्याआधीही विचारलेला असतो. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले, हे शाळेत जाणाऱ्या मुलाला पक्के ठाऊक असते. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी 1974 मध्ये मण्यांच्या रांगेची फेरमांडणी एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाकडून करवून घेतली, तेव्हा बरोबर उत्तरे देणारी मुले लक्षणीय वाढली. त्याआधी 1966 मध्ये पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांना सेनेगलमध्ये असे दिसले होते, की पाणी मुलाने स्वतः ओतले तर उत्तर बदलते. 1969 मधल्या एका अभ्यासात मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे इतर मुलांपेक्षा अधिक कळत असल्याचे आढळले. जासईपासून पेण फार दूर नाही. तिथल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांच्या आसपास वाढलेल्या मुलांबाबत हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बदलत्या समाजात मुद्दाम जाऊन संशोधन झालेच नाही असे नाही. अलेक्झांडर लुरिया 1931-32 मध्ये मध्य आशियात गेले, ते तिथे सामूहिक शेती आणि साक्षरता नुकतीच येत होती म्हणूनच. निरक्षर शेतकरी आणि नव्याने शिकलेले लोक वर्गीकरणाची कोडी वेगळ्या रीतीने सोडवतात, असे त्यांना दिसले. मात्र तुलना एकाच वेळी वेगवेगळ्या माणसांची होती. त्यामुळे विचारशक्ती बदलली की शाळेतल्या प्रश्नांची सवय झाली, हे त्यातून सुटे करता येत नाही. मायकेल कोल यांचा हा आक्षेप रास्तच होता. ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांचे मेक्सिकोतल्या झिनाकान्तानमधले काम अधिक भक्कम आहे. 1969-70 मध्ये त्यांनी मुली विणकाम कशा शिकतात आणि रंगीत पट्ट्यांचे नमुने कसे लावतात हे नोंदवले आणि 1991 मध्ये त्याच कुटुंबांच्या पुढच्या पिढीकडून तेच करून घेतले. मधल्या काळात गावात व्यापार शिरला होता. शिकवणारी आई मागे सरली होती, मुलगी स्वतः चुकत-माकत शिकत होती आणि नवे नमुने करून पाहत होती. गाव तेच, काम तेच, वय तेच. अशा वेळी फरक कशामुळे पडला हे सांगण्याचा अधिकार येतो.

मराठी मुलांच्या बाबतीत मोजपट्टीचा प्रश्न जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाड भागातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर केले आणि 1940 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. परक्या मुलांवरून बेतलेले निकष आपल्या मुलांना लावू नयेत, ही त्यामागची भूमिका योग्यच होती. पण एका पिढीचे निकषही पुढच्या पिढीला परकेच होतात. जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांत पिढीगणिक वाढणारे बुद्ध्यंक दाखवले, त्यानंतर याबद्दल शंका उरू नये.

यावर पहिला आक्षेप असा, की विकासाचा गाभा जैविक आहे. बंदर आले म्हणून मूल चालायला लवकर लागत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याची मर्यादाही मोजलेली आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा पल्ला 8.2 ते 17.6 महिने असा निघाला आणि सुमारे 4 टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. क्रम बऱ्यापैकी पक्का, वेळ सैल. शिवाय भाषा, गणित, धोक्याची जाण यांकडे वळलो, की परिसराचा वाटा वाढतच जातो. भातखाचरांच्या बांधांवर वाढलेले मूल आणि ट्रेलरच्या रस्त्याकडेला वाढलेले मूल एकाच वयात अंतर आणि वेग यांचा अंदाज सारखाच घेईल, हे गृहीत धरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. तीच मुले वर्षानुवर्षे तपासायची तर पैसा लागतो, कुटुंबे स्थलांतर करतात, नमुना गळत जातो. पण महाराष्ट्रातच याचे उत्तर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांची नोंद केली आणि सातशेहून अधिक मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. मूळ विषय पोषणाचा असूनही, गरोदरपणीचे ब-12 जीवनसत्त्व आणि नवव्या वर्षीची आकलनक्षमता यांचा संबंध पुढे याच मुलांमध्ये तपासता आला. आंध्र प्रदेश-तेलंगणातल्या ‘यंग लाइव्ह्ज’ अभ्यासाने 1994-95 आणि 2001-02 च्या सुमारास जन्मलेले दोन गट घेतले. त्यामुळे एका गटाची आठ वर्षांची मुले दुसऱ्या गटाच्या आठ वर्षांच्या मुलांशी ताडून पाहता येतात. जासईसारख्या गावी अशा आराखड्याची सुरुवात अंगणवाडीतून होऊ शकते. 1975 पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे वजनाची आणि हजेरीची नोंद ठेवण्याची रीत गावोगाव रुजली आहे, आणि कोणते कुटुंब भाड्याने आले, कोणाचा बाप यार्डात रात्रपाळीला असतो, हे सेविकेला वहीत न लिहिताही माहीत असते.

एका गावावरून सर्वांविषयी काय सांगणार, हा तिसरा आक्षेप. सरासरी सांगायची असेल तर काहीच नाही. पण बदल कोणत्या वयात गाठतो, हे पाहण्यासाठी तीव्र बदलाचे एकच ठिकाणही उपयोगी पडते. ग्लेन एल्डर यांनी अमेरिकी महामंदीतल्या दोन गटांची तुलना केली. 1920-21 मध्ये जन्मलेली ओकलंडची मुले मंदीच्या काळात घराला हातभार लावण्याइतकी मोठी होती. 1928-29 च्या बर्कलेच्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, तोच काळ अगदी कोवळ्या वयात सोसावा लागला आणि त्यांच्यावरचे परिणाम अधिक वाईट निघाले. जासई पट्ट्यात 1984 साली जी मुले चार वर्षांची होती आणि जी चौदाची होती, ती आज अनुक्रमे पंचेचाळिशीच्या पुढे आणि पंचावन्नच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी, शाळा सोडल्याचे दाखले आणि नोकरीची वाट एकत्र ठेवून हाच प्रश्न इथे विचारता येईल. त्यासाठी मुले मोठी होण्याची वाट पाहावी लागणार नाही.