निमोचा बाबा त्याची आई झाला असता! क्लाऊनफिश जगतो कसा आणि पालघरच्या समुद्रात तो का दिसत नाही?

केशरी अंग, त्यावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे आणि डुलत डुलत पोहण्याची ढब. २००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि क्लाऊनफिश घराघरात पोहोचला. सिनेमात निमोची आई सुरुवातीलाच मरते आणि बाप पुढे हरवलेल्या पोरासाठी समुद्र पालथा घालतो. खऱ्या क्लाऊनफिशचं असं होत नाही. मादी मेली की काही आठवड्यांत नराचीच मादी होते.

घरात चालतो मादीचा कायदा

क्लाऊनफिशचं एक कुटुंब एकाच समुद्रफुलात, म्हणजे सी ॲनिमोनमध्ये राहतं. आकाराने सगळ्यात मोठी ती मादी. तिच्या खालोखाल तिचा नर. बाकीचे लहान मासे एकमेकांच्या नात्यातले असतातच असं नाही, आणि त्यांना पिल्लं होत नाहीत. ते फक्त रांगेत उभे असतात. मादी गेली की नर मादी होतो आणि रांगेतला पहिला मासा नर होतो. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही.

या रांगेत घुसखोरी चालत नाही. खालचा मासा वरच्यापेक्षा मोठा होऊ लागला तर त्याला हुसकावून लावलं जातं. म्हणून लहान मासे आपली वाढ आवरती ठेवतात.

डंख मारणाऱ्या घरात राहायचं कसं?

समुद्रफूल दिसायला फूल असलं तरी तो प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांचा नातेवाईक. त्याच्या हलणाऱ्या बोटांसारख्या शुंडकांवर विषारी डंखपेशी असतात. दुसरा छोटा मासा तिथे गेला तर तो समुद्रफुलाचं जेवण होतो. क्लाऊनफिशला वाचवतो तो त्याच्या अंगावरचा चिकट थर. त्यामुळे समुद्रफुलाला तो शिकार वाटत नाही. काही जाती नव्या समुद्रफुलात जाताना आधी शेपटी लावतात, मग अंग घासतात, आणि हळूहळू आत शिरतात.

भाडंही चुकतं करावं लागतं. समुद्रफुलाची शुंडकं कुरतडायला येणाऱ्या माशांना क्लाऊनफिश पळवून लावतो. त्याच्या विष्ठेतून मिळणारं खत समुद्रफुलाच्या शरीरातल्या सूक्ष्म शैवालाला लागतं. रात्री तो आत हालचाल करत राहतो, त्याने ताजं पाणी खेळतं. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून जास्त जाती आहेत, पण क्लाऊनफिशच्या तिसेक जातींना घर देणाऱ्या जेमतेम दहाच.

अंडी समुद्रफुलाच्या शेजारच्या खडकावर चिकटवली जातात. राखण मुख्यतः बापाकडे. तो परांनी वारा घालावा तसं पाणी घालतो आणि खराब अंडी वेचून टाकतो. साधारण आठवड्याभराने, अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात आणि प्रवाहाबरोबर वाहून जातात. दहा-बारा दिवसांनी, वाचलीच तर, वासावरून नवं घर शोधतात.

पालघरला समुद्र आहे, मग हा मासा का नाही?

भारतात क्लाऊनफिश अंदमान, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात आढळतात. पालघर जिल्ह्यालाही डहाणूपासून वसईपर्यंत किनारा आहे. पण याचं उत्तर किनाऱ्यापेक्षा डोंगरात जास्त सापडतं. जव्हार-मोखाड्यावर कोसळणारा पाऊस उतारावरची माती घेऊन वाघ, पिंजाळ आणि वैतरणेत उतरतो. वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. या पट्ट्यातलं पाणी त्यामुळे गढूळ, आणि पावसाळ्यात खारटपणाही कमी होतो. वर भरती-ओहोटीचा जोर मोठा, त्याने तळाचा चिखल सतत ढवळला जातो. समुद्रफूल आणि प्रवाळांच्या आतल्या शैवालाला ऊन हवं असतं. गढूळ पाण्यात ते खाली पोहोचतच नाही.

हाच चिखल खाजण आणि कांदळवनांना मात्र मानवतो. पालघरच्या मासेमारीचा मोठा आधार तोच आहे, त्यामुळे रंगीत मासे नाहीत म्हणून हळहळायचं कारण नाही.

महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर दक्षिणेला जावं लागतं. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. इतक्या दूर नद्यांचा गाळ पोहोचत नाही, म्हणून तिथलं पाणी नितळ आणि प्रवाळ चांगले.

पाणी तापलं की काय होतं?

पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की शैवाल बाहेर फेकलं जातं आणि समुद्रफूल पांढरं पडतं. २०१६ साली पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाजवळ असं झालं, तेव्हा पांढऱ्या पडलेल्या समुद्रफुलांत राहणाऱ्या क्लाऊनफिशच्या अंड्यांची संख्या ७३ टक्क्यांनी घटली. मासे जिवंत होते, पण तणावाखाली होते. पापुआ न्यू गिनीमध्ये २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत १३४ मासे वारंवार मोजले गेले. त्यातले बहुतेक चक्क लांबीने आखूड झाले, आणि जे आखडले तेच जगण्याची शक्यता जास्त होती. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

घरी पाळायचा असेल तर?

आधी एक गोष्ट: हा खाऱ्या पाण्यातला मासा आहे. गोल्डफिशच्या टाकीत टाकला तर मरेल. दुसरी गोष्ट, तो आला कुठून हे दुकानदाराला विचारा. समुद्रातून एक मोठी मादी उचलली की मागचं अख्खं कुटुंब विस्कटतं, आणि नवी जोडी जमेपर्यंत अंडी होत नाहीत.

पण प्रवाळांत राहणाऱ्या शोभेच्या माशांपैकी बंदिस्त पाण्यात सहज वाढणारा मासाही हाच आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशात त्याच्या अनेक जातींची पैदास करून दाखवली आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानने शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र उभारलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी इथली पिल्लं वाढवून विकावीत, अशी कल्पना आहे. खरी कसोटी पहिल्या दहा-बारा दिवसांची. इवल्या पिल्लांना आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया हे सूक्ष्मजीव जिवंतच द्यावे लागतात, म्हणजे माशांआधी त्यांच्या खाण्याची शेती करावी लागते. अंगावर पांढरे पट्टे उमटू लागले की पिल्लू तगलं असं समजतात.