उखळीचे कूळ

खुब्याचा सांधा बदलून घरी आलो त्याला सहावा आठवडा चालू आहे. मांडी घालायची नाही, पाटावर बसायचे नाही. वॉकर धरून माजघर ते ओसरी एवढीच माझी यात्रा. या सक्तीच्या रजेत मी सांध्याचे कूळ धुंडाळीत बसलो.

बर्लिनच्या ग्लुकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंताचा सांधा करून पाहिला होता. पण आजच्या सांध्याचा मूळपुरुष म्हणजे इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाचा जॉन चार्नली. १९५८ च्या सुमारास त्याने टेफ्लॉनच्या उखळ्या बसविण्यास आरंभ केला. जायबंदी माणसे चालू लागली! पण दोन-तीन वर्षांत उखळ्या झिजल्या आणि त्यांच्या भुकटीने भोवतालचे हाड पोखरले. अशी सुमारे तीनशे माणसे. त्यांच्यावर पुन्हा सुरी धरण्याची पाळी आली.

१९६२ मध्ये हॅरी क्रेव्हन या त्याच्या कारागिराच्या हाती यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन आले. चार्नलीने ते उडवूनच लावले होते. क्रेव्हनने मात्र यंत्रावर घासून पाहिले. तीन आठवड्यांची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाहूनही कमी! त्याच नोव्हेंबरात नवी उखळी बसली.

एवढ्यावर चार्नली थांबला नाही. दोन्ही पदार्थांचे कण त्याने स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. १९६३ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये त्याने त्या जगजाहीर केल्या.