सादळलेल्या वजनाचा हिशेब

दिवाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी डब्यातली चकली मऊ लागली की आमच्या घरी एकच प्रश्न ऐकू येतो, "झाकण कोणी उघडं ठेवलं?" चकलीला पाण्याचा थेंबही लागलेला नसतो. ती सादळलेली असते. भिजणं वेगळं आणि सादळणं वेगळं. आसपासच्या हवेतली न दिसणारी वाफ एखाद्या घन पदार्थाने गुपचूप आत घेणं, ही सगळी प्रक्रिया मराठीने एका क्रियापदात बसवली आहे. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, पावसाळ्यात मीठ तर बरणीतच ओलं होतं.

याच दिवसांत नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, मालेगाव, नांदगाव, येवला या तालुक्यांत, कापूस घरात येऊ लागतो. कापूसही सादळतो. चकली सादळली तर चव जाते, कापूस सादळला तर वजन वाढतं. मग ते वाढलेलं वजन कोणाचं, असा प्रश्न उभा राहतो. गेली पंधरा वर्षं मी जमेल तसं वाचत आणि टिपणं काढत आलो, ते या एका प्रश्नापायी. मी ना वस्त्रशास्त्राचा पदवीधर, ना इतिहासाचा. प्रश्न माझ्यापर्यंत आला तो पुस्तकातून नव्हे, काट्यावरून.

साधारण वीस वर्षांपूर्वी मालेगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये मी काट्यावर कारकून होतो. गाडी आली की कापसात दोन सुयांचं यंत्र खुपसायचं, ओलाव्याचा आकडा वाचायचा आणि त्याप्रमाणे वहीत कटती मांडायची, हे माझं काम. डिसेंबरात एक म्हातारे शेतकरी तीन क्विंटल कापूस घेऊन आले. यंत्राने १३ दाखवले. मी क्विंटलमागे पाच किलो कापले. ते म्हणाले, "भाऊ, पाणी मी नाही मारलं." मी म्हणालो, "बाबा, यंत्र सांगतं." ते काही न बोलता पावती घेऊन गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी ते पुन्हा आले. पुन्हा तीन क्विंटल. घरात ठेवलेला, खडखडीत वाळलेला कापूस. यंत्राने ६ दाखवले. त्यांनी आकडा स्वतः वाकून पाहिला आणि विचारलं, "तेव्हा पाणी जास्त होतं म्हणून कापलं. आता कमी आहे, तर वाढवून देता का?"

माझ्या वहीत कटतीचा रकाना होता. वाढतीचा नव्हता. मी हसून वेळ मारून नेली. त्या हसण्याची मला नंतर फार लाज वाटली.

आधी कापूस पाणी घेतो तरी कसा, ते पाहू. कापसाचा तंतू जवळजवळ सगळा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. तिच्यावर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूला ओढून धरतात. चकलीतला स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला, म्हणजे चकली आणि कापूस ही एका कुळातली भावंडं. पॉलिएस्टरमध्ये असे गट जवळपास नसतात, म्हणून तो अर्धा टक्काही पाणी घेत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असली तर कापसात सात-आठ टक्के पाणी राहतं. ती नव्वदीवर गेली की बारा टक्क्यांच्या वर जातं. हवा कोरडी झाली की घेतलेलं पाणी परत जातं. म्हणजे 'कोरडा कापूस' ही गोष्ट भट्टीबाहेर कुठेच नसते.

यात एक गंमत आहे. १९२४ मध्ये मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये अर्कहार्ट आणि विल्यम्स या दोघांनी कापूस आणि ओलावा यांच्या नात्यावर बारकाईने मोजमापं केली. एकाच हवेत ठेवलेले कापसाचे दोन नमुने, एक ओल्याकडून वाळत आलेला आणि एक कोरड्याकडून ओलावत आलेला, सारखं पाणी धरत नाहीत. ओल्याकडून आलेल्यात थोडं जास्त राहतं. म्हणजे एकाच आवारातल्या दोन ढिगांचे आकडे वेगळे आले, तर त्यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. कापूस कुठून आला आहे, तेही त्या आकड्यात असतं.

वजनावरून हवेची ओल ओळखण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त आषाढीयोगाचा अध्याय आहे. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास वेगवेगळी धान्यं सारख्या वजनाने तोलून रात्रभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलायची. ज्याचं वजन वाढलं ते त्या वर्षी पिकेल, घटलं ते पिकणार नाही, असा ठोकताळा. भविष्य म्हणून तो टिकणारा नाही. पण रात्रीत धान्याचं वजन बदलतं आणि प्रत्येक धान्याचं वेगळं बदलतं, हे निरीक्षण अस्सल आहे. तेलबिया तृणधान्यांपेक्षा कमी ओल घेतात, हे आज कोणत्याही गोदामात मोजता येतं. मला त्या अध्यायातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तोलण्याआधी तराजूला देवी मानून, जे खरं आहे तेच दाखव, अशी विनवणी करायची आहे. काट्यावर बसलेल्या माणसाला ती विनवणी चांगली कळते.

युरोपात १४५० मध्ये निकोलस ऑफ क्युसा या धर्मपंडिताने एका पारड्यात लोकर आणि दुसऱ्यात दगड ठेवून हवेची ओल मोजण्याची युक्ती लिहून ठेवली. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूरने माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक मांडला. केस ओलीने लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. तोपर्यंत हा सगळा कुतूहलाचा विषय होता. व्यापार त्यात शिरला आणि भांडण सुरू झालं.

आपल्याकडे ते भांडण कापसावरून झालं. मुंबई सरकारने १८२९ मध्येच कापसातल्या फसवणुकीविरुद्ध नियम केला होता. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ पासून तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या पश्चिम भारताकडे वळल्या. इथल्या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत आणि तो शब्द हलक्या मालाची शिवी होऊन बसला. कचरा, सरकी, माती आणि पाणी मिसळल्याच्या तक्रारी वाढल्या. १८६३ मध्ये मुंबईत कापूस फसवणूक प्रतिबंधाचा कायदा झाला आणि तपासणीसाठी निरीक्षक नेमले गेले.

पाणी मारलं जात होतं, हे मी नाकारत नाही. काट्यावर मी स्वतः ते पाहिलं आहे. पण त्या काळच्या कापसाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. आजचं मालेगाव तेव्हा खानदेशात मोडत असे, नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. थळघाटातून रेल्वे धावू लागली ती १८६५ मध्ये. तोवर घाटावरचा कापूस बैलांच्या साथीने घाट उतरे. पठारावरच्या कोरड्या हवेत तोललेला कापूस किनाऱ्याच्या दमट हवेत येऊन पडे. आत ६ टक्के पाणी असलेला १०० किलो कापूस ९ टक्क्यांवर गेला तर तो १०३ किलोंच्या वर भरतो. कोणी एक तांब्याही ओतायला नको. ही वाढ ना शेतकऱ्याच्या हाती लागे, ना मँचेस्टरच्या. ती मधल्यांच्या पदरात पडे. फसवणुकीचा डाग मात्र रयतेवर राहिला.

आणि मँचेस्टर? तिथलं चित्र वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. कापूसटंचाईच्या त्याच वर्षांत लँकेशायरच्या विणकामात ताण्याला भरमसाट खळ चढवण्याची रीत बोकाळली. महागलेल्या कापसाची भर चिनी मातीने काढायची. माती सुकून गळू नये म्हणून खळीत मॅग्नेशियम क्लोराइड घालत. हे क्षार हवेतली ओल खेचणारे. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेल्याशिवाय पाणी सोडत नाही, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच विरघळू लागतं. पावसाळ्यात आपलं खडेमीठ ओलं होतं, त्याला त्यातला हाच अंश बराचसा कारण. असं माती आणि ओल भरलेलं कापड जहाजांतून पूर्वेकडे येई आणि त्यावर बुरशी धरल्याच्या तक्रारी होत. विणकाम सोपं व्हावं म्हणून मागांच्या शेडमध्ये वाफ सोडली जाई. तिथे घुसमटणाऱ्या कामगारांसाठी ब्रिटिश पार्लमेंटला १८८९ मध्ये त्या वाफेवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. कापसातल्या पाण्याला मुंबईत फसवणूक म्हणत होते. कापडातल्या पाण्याला तिकडे 'फिनिश' म्हणत.

ओलाव्याची गरज खरी होती, हेही सांगायला हवं. सेल्युलोजमध्ये पाणी गेलं की कापसाचा धागा बळकट होतो. कोरड्या हवेत तो तुटतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा विदर्भाच्या कोरड्या हवेवर तोड म्हणून पुढे तिथे हवेत ओलावा सोडणारी यंत्रणा बसवावी लागली. १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रप्रयोगशाळा सुरू झाली. अशा प्रयोगशाळेत पहिली अट हवेच्या स्थिर आर्द्रतेची. ती नसेल तर कालचा आकडा आजच्या आकड्याशी ताडता येत नाही.

मग न्याय्य हिशेब कुठे झाला? रेशमात. रेशीम कापसाहून जास्त पाणी धरतं आणि सोन्यासारखं महाग, त्यामुळे भांडणंही मोठी. १८०५ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात रेशमाची सार्वजनिक तपासणी कचेरी सुरू झाली. तिथे पुढे जी पद्धत रुळली ती अशी: नमुना भट्टीत पुरता सुकवायचा, कोरडं वजन काढायचं आणि त्यात ठरलेले ११ टक्के मिळवायचे. हेच व्यापारी वजन. माल ओला आला तर घटेल, जास्त कोरडा आला तर वाढेल. विकणारा आणि घेणारा, दोघांना एकच नियम.

कापसासाठी असाच आकडा आहे, कोरड्या वजनावर साडेआठ टक्के. एकूण वजनाच्या हिशेबात तो होतो ७.८. इथे मला माझ्या काट्यावरचा आकडा आठवला. आज भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करतं, तेव्हा ओलाव्याचा पाया ८ टक्के धरला जातो. त्यावर १२ पर्यंत भाव कमी होतो आणि १२ च्या वर माल घेतला जात नाही. इतकी वर्षं मला वाटे की हा ८ कोणीतरी कचेरीत बसून ठरवला असेल. तो तसा नाही. मध्यम हवेत कापूस आपणहून जेवढं पाणी धरतो, त्याच्या अगदी जवळचा तो आकडा आहे.

म्हणजे ८ टक्क्यांपर्यंतचं पाणी हा कापसाचाच भाग. त्याहून जास्त असेल तर ते कापायला हवं, हे बरोबर. पण मग त्याहून कमी असेल तर तेवढं वजन शेतकऱ्याच्या खात्यात धरायला हवं. मी ज्या खासगी व्यवहारात उभा होतो, तिथे गणिताचा पहिला अर्धा भाग रोज चालत होता आणि दुसरा कोणी शिकवलाच नव्हता. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून पहाटेच्या दवात वेचलेल्या कापसाचं वजन मजूर बाईला दोन पैसे जास्त देतं. पुढे तेच पाणी शेतकऱ्याच्या पावतीतून कापलं जातं. तिथून गठाणीपर्यंत ते कितीदा कमी-जास्त होतं, त्याची नोंद शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर नसते.

आता त्या बाबांचा हिशेब. डिसेंबरात १३ टक्के ओलावा असलेला १०० किलो कापूस, ८ टक्क्यांच्या पायावर साडेचौऱ्याण्णव किलो भरतो. मी क्विंटलमागे पाच किलो कापले, म्हणजे माझी कटती अन्यायाची नव्हती, उलट थोडी कमीच होती. फेब्रुवारीतला ६ टक्क्यांचा १०० किलो कापूस त्याच पायावर १०२ किलोंच्या थोडा वर जातो. तीन क्विंटलचे होतात ३०६ किलो ५०० ग्रॅम.

त्या दिवशी त्यांच्या पावतीवर मी ३०० लिहिले होते.