कळसाचे सोने आणि पारा

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त ही स्मरणिका निघत असून, कळसासंबंधी चार ओळी लिहिण्याची आज्ञा समितीने मला केली. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे, नोकरी तहसील कार्यालयात लिपिकाची. परंतु कळसाच्या कामी समितीच्या मंडळींबरोबर नागपूरला इतवारीच्या सराफ्यात तीन-चार खेपा झाल्या. तेथे जे समजले व पुढे वाचनात आले, ते ग्रामस्थ व देणगीदारांपुढे ठेवीत आहे.

सोने हा मोठा अलिप्त धातू. हवापाण्याने गंजत नाही. तूप, काजळी, शेंदूर त्यावर बसतात, पण रिठ्याच्या कोमट पाण्याने निघूनही जातात. पारा भेटला म्हणजे मात्र ही अलिप्तता संपते. आमच्या घरी एकदा थर्मामीटर फुटला. सांडलेला पारा सौ.ने हातानेच गोळा केला (तसे करू नये, हे आम्हांस तेव्हा कोठे ठाऊक!) आणि बोटातली अंगठी पांढरी फटक पडली. सोनाराने पाहताच सांगितले, पारा सोन्यात शिरला.

या ओढीवर कित्येकांची पोटे भरली. आपल्या पूर्व विदर्भात सोनझारी समाज सर्वांच्या ओळखीचा. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथात, मंडला, बालाघाट, संबळपूर या बाजूला नद्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक म्हणून त्यांची नोंद आहे. सोनाराच्या दुकानातली केरमाती धुऊन सोने काढण्याचा धंदाही जुनाच. धुतल्यावर जो जड गाळ उरतो त्यात पारा फिरवतात. तो मातीला सोडतो आणि सोन्याला धरतो. मग विस्तवावर पारा उडून जातो, सोने मागे राहते.

कळसाचा जुना मुलामा म्हणजे हीच क्रिया. सोन्याचे पातळ पत्रे गरम पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करीत. तांबे आम्लाने स्वच्छ करून त्यावर तो चोळीत व भांडे तापवीत. पारा साधारण 357 अंशांवर उकळतो, सोने वितळायला 1064 अंश लागतात. म्हणून पारा जाई, सोने राही. ते तांब्याला असे भिने की पापुद्रा सुटत नसे. शेवटी अकिकाच्या दगडाने घोटून झळाळी आणीत. महाराजा रणजितसिंहांनी अमृतसरच्या हरमंदिराला सोन्याने मढविले, ते तांब्याचे पत्रेही असेच मुलामा दिलेले.

पण उडालेला पारा जाई कोठे? कारागिराच्या छातीत. हात थरथरत, दात हलत, बुद्धी भ्रमे. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चर्चच्या घुमटाला एकोणिसाव्या शतकात मुलामा देताना सुमारे 60 कारागीर दगावल्याचे सांगतात. कळस झळकला, पण त्यांची नावे कोणत्या फलकावर नाहीत.

आपल्या काही मान्यवर देणगीदारांचा जुन्याच पद्धतीचा आग्रह होता, व तो श्रद्धेपोटीच होता. समितीत दोन बैठका यावर रंगल्या. अखेर विजेच्या मुलाम्याचे ठरले. ही रीत इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी 1840 साली पेटंट घेऊन प्रचारात आणली. तिच्या द्रावणातही सायनाइडसारखे जहाल विष असते, हे लपवीत नाही. परंतु ते टाकीत सांभाळता येते, धूर होऊन कारागिराच्या श्वासात शिरत नाही. पाऱ्याचा वापर आवरण्याचा मिनामाता करार 2013 साली झाला व भारताने त्यास 2018 साली मान्यता दिली. माझे मत पहिल्या बैठकीपासून याच बाजूचे होते. देवाच्या कळसासाठी कोणाचे पोर पोरके होऊ नये.

आता एक विनंती. विजेचा थर सहसा पातळ असतो. जुन्या कळसाचे सोने उन्हापावसाने गेले नाही, ते आपणच दर दिवाळीला विटकरीची पूड व चिंच लावून घासून काढले. लहानपणी त्या कामाला मीही वर चढलो आहे. यापुढे रिठ्याचे पाणी व मऊ फडके एवढेच वापरावे. जुना कळस सभामंडपात ठेवला आहे. त्याच्या मानेच्या खोबणीत, जिथे आपली पूड पोचली नाही, तिथे सोने अजून दिसते.